मात कोणावर? टॅनी ग्रे-थॉम्प्सन यांच्या चरित्राचे एक वाचन

१

अपंग व्यक्तीचे चरित्र मराठीत लिहावयाचे झाले, की एक शब्दप्रयोग लेखणीच्या टोकाशी तयारच असतो : 'अपंगत्वावर मात'. शालेय पाठ्यपुस्तकांतील धड्यांपासून रविवारच्या पुरवण्यांपर्यंत हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे आपल्याला सहसा वाटत नाही. 'मात' हा बुद्धिबळाच्या पटावरचा शब्द. मात करावयाची तर समोर प्रतिस्पर्धी हवा. मग येथे प्रतिस्पर्धी कोण? शब्दप्रयोगाचे उत्तर स्पष्ट आहे : त्या व्यक्तीचे स्वतःचे शरीर. नायक आणि प्रतिनायक एकाच देहात वस्तीला असतात आणि 'जिद्द' नावाचा गुण त्यांच्यातील झुंजीचा निकाल लावतो. अशा कथेत जिने, दरवाजे, शाळांचे प्रवेशनियम, रेल्वेचे डबे, सरकारी भत्ते यांना जागा उरत नाही. समाज उरतो तो टाळ्या वाजवण्यापुरता.

चरित्रलेखनाचा हा साचा मोडणारी काही आयुष्ये असतात. ब्रिटनच्या टॅनी ग्रे-थॉम्प्सन यांचे आयुष्य त्यांपैकी एक आहे असे आम्हांस वाटते. पाच पॅरालिम्पिक स्पर्धांत मिळून व्हीलचेअर शर्यतींची सोळा पदके, त्यांत अकरा सुवर्ण. लंडन मॅरेथॉनमध्ये सहा विजय. तिसाहून अधिक जागतिक विक्रम. आणि २०१० पासून ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्यत्व. वरवर पाहता 'मात' या साच्यात हे सारे चपखल बसते. मात्र जवळून वाचू लागले की लक्षात येते, या बाईंची लढत शरीराशी क्वचितच होती. ती होती पायऱ्यांशी. दगडी पायऱ्यांशी आणि कायद्यातल्याही. त्यांच्या चरित्राचे 'आधी खेळ, मग राजकारण' असे दोन खंड पाडण्याची रीत आहे. आमच्या मते तो एकच खंड आहे.

२

वेल्सची राजधानी कार्डिफ येथे २६ जुलै १९६९ रोजी ही मुलगी जन्मली. नाव ठेवले कॅरिस डेव्हिना ग्रे. थोरल्या बहिणीने बाळाला प्रथम पाहून 'टायनी', म्हणजे इवलीशी, म्हटले. तिच्या बोबड्या उच्चारात त्याचे 'टॅनी' झाले आणि जन्मनाव कागदोपत्रीच राहिले. मुलीला जन्मतः स्पायना बिफिडा होता. गर्भावस्थेत पाठीच्या कण्याची नळी पूर्ण मिटत नाही, मज्जारज्जूला इजा पोहोचते आणि पायांतील शक्तीवर त्याचा परिणाम होतो, अशी ही स्थिती. लहानपणी ती चालत असे; वाढत्या वजनाबरोबर पाय साथ देईनासे झाले आणि सातव्या-आठव्या वर्षी व्हीलचेअर आली.

येथे आपल्या भाषेतला आणखी एक शब्दप्रयोग आडवा येतो : 'व्हीलचेअरला खिळलेली'. इंग्रजीतही याच अर्थाचा प्रयोग दीर्घकाळ रूढ होता. टॅनी यांनी मात्र वारंवार नेमके उलटे सांगितले आहे. खुर्ची आल्यावर मोकळीक मिळाली, हिंडता-फिरता येऊ लागले, असे त्यांचे सांगणे. ज्या वस्तूकडे पाहणाऱ्याला बंधन दिसते, ती वापरणाऱ्याला वाहन वाटते. चष्मा लावणाऱ्यास आपण 'चष्म्याला जखडलेला' म्हणत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

पहिली खरी लढाई शाळेची होती आणि ती आईवडिलांनी लढली. त्या काळी व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलांची रवानगी बहुधा 'विशेष' शाळेत होत असे. अशा शाळांत माया असे. परीक्षांची अपेक्षा मात्र फारशी नसे. १९७८ मध्ये मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या शिक्षणाविषयी अहवाल दिला आणि शक्य तेथे अशा मुलांनी सर्वसाधारण शाळेत शिकावे हा विचार अधिकृतपणे मांडला. मुलीला नेहमीच्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळावा म्हणून टॅनी यांच्या आईवडिलांनी थेट वेल्सच्या मंत्र्यांवर खटला भरण्याची तयारी दाखविली. प्रवेश मिळाला. कार्डिफजवळच्या पेनार्थ येथील सेंट सायर्स शाळेत ही मुलगी इतर मुलांबरोबर शिकली.

या प्रसंगात 'जिद्द' आहेच; परंतु ती मुलीची नसून पालकांची आहे, आणि तिच्या हाती एका सरकारी अहवालाचा कागद आहे. तो अहवाल तीन-चार वर्षे उशिरा आला असता, किंवा आईवडिलांना तो वाचून त्याचा शस्त्रासारखा उपयोग करता आला नसता, तर हे चरित्र वेगळे झाले असते. वडील व्यवसायाने वास्तुरचनाकार होते; कागद आणि कार्यालये यांचे भय नसलेले ते घर होते. चरित्रनायिकेच्या गुणांइतकेच हे तपशील निर्णायक आहेत. 'मात' कथेत ते नेमके गळतात.

पुढे लफबरो विद्यापीठातून १९९१ मध्ये त्यांनी पदवी घेतली. विषय होता राजकारण आणि समाजप्रशासन. धावपटू निवृत्त झाली आणि राजकारणाकडे वळली, असे म्हणणाऱ्यांनी हे साल पाहावे. पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण त्यानंतरचे आहे.

३

व्हीलचेअर शर्यतीचा इतिहास ठाऊक असल्यावाचून या कारकिर्दीचे महत्त्व कळणार नाही. नाझी जर्मनीतून ब्रिटनमध्ये आश्रयास आलेले ज्यू मज्जाशल्यविशारद लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, सोळा जखमी माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्या रोपट्याचे १९६० मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रूपांतर झाले आणि पुढे त्यालाच पॅरालिम्पिक म्हणू लागले. उगम रुग्णालयात असल्यामुळे या खेळाकडे दीर्घकाळ उपचार म्हणूनच पाहिले गेले. खेळणारा 'रुग्ण' असे आणि स्पर्धा ही त्याच्या प्रकृतीची प्रगती.

या परंपरेशी महाराष्ट्राचा एक थेट धागा आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक. त्यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. गुटमन यांच्या कल्पनेतील जखमी सैनिक-खेळाडूचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनी. टॅनी यांना बार्सिलोनाच्या यशानंतर वर्षभरातच, १९९३ मध्ये, पहिला राष्ट्रीय सन्मान मिळाला. दोन देशांच्या स्मरणशक्तीतील हे अंतर आहे. पण त्यात दोन काळांतीलही अंतर आहे, कारण मधल्या वीस वर्षांत 'रुग्ण' जाऊन 'खेळाडू' हा शब्द येऊ लागला होता.

हा बदल खुद्द खुर्चीत दिसतो. आरंभीच्या शर्यती रोजच्या वापराच्या, जड, चार चाकी खुर्च्यांवर होत. १९८० च्या दशकात शर्यतीची खुर्ची वेगळी घडू लागली : मागे दोन मोठी, तळाशी बाहेर फाकलेली चाके, पुढे लांब दांड्याच्या टोकाशी एक लहान चाक, हलक्या धातूचा सांगाडा, आणि खेळाडूच्या मापाने बेतलेली बैठक. खेळाडू चाक हातात धरून फिरवत नाही. जाड हातमोजे घालून तो चाकालगतच्या कड्यावर वरून खाली ठोसा दिल्यासारखा आघात करतो आणि कडे सुटताच पुढच्या आघाताची तयारी करतो. लय चुकली की वेग तुटतो. धावपट्टीच्या वळणावर पुढचे चाक ठरावीक कोनात वळवून ठेवण्यासाठी लहानशी कळ असते. खांदे, दंड आणि मनगटे यांवर सारा भार. वर्षानुवर्षांच्या सरावाचे हे शास्त्र आहे. यात चमत्कार नाही आणि करुणेलाही वाव नाही.

टॅनी तेरा-चौदाव्या वर्षी या खेळात आल्या. १९८४ मध्ये वेल्सकडून कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत शंभर मीटर जिंकल्या. १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकमध्ये चारशे मीटरचे कांस्यपदक मिळाले. १९९२ च्या बार्सिलोनात शंभर, दोनशे, चारशे आणि आठशे मीटर अशी चार सुवर्णपदके आणि एक रौप्य. तेथेच चारशे मीटर एका मिनिटाच्या आत पूर्ण करणारी पहिली महिला व्हीलचेअर धावपटू, असा मान त्यांना मिळाला. १९९६ च्या अटलांटात एक सुवर्ण व तीन रौप्य. २००० च्या सिडनीत पुन्हा चार सुवर्ण. २००४ च्या अथेन्समध्ये आठशे मीटरचे अपयश पचवून शंभर आणि चारशे मीटरची दोन सुवर्ण. २००७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. यादी येथेच थांबवू. पदकांची मोजदाद हा या लेखाचा विषय नव्हे.

लंडन मॅरेथॉनचा उल्लेख मात्र करावयास हवा, कारण तेथे पदकाहून मोठी गोष्ट घडत होती. व्हीलचेअर धावपटूंना या मॅरेथॉनमध्ये १९८३ पासून प्रवेश मिळाला आणि तोही आयोजकांवर बराच दबाव आल्यानंतर. शहराच्या रस्त्यावर, हजारो प्रेक्षकांसमोर, चालत्या-धावत्या माणसांच्याच मार्गावरून या खुर्च्या धावू लागल्या. १९९२ ते २००२ या काळात टॅनी यांनी ही शर्यत सहा वेळा जिंकली. रुग्णालयाच्या आवारात जन्मलेला खेळ राजरस्त्यावर आला होता.

४

आता डिसेंबर २००० कडे येऊ. सिडनीतील चार सुवर्णपदकांनंतर बीबीसीच्या 'वर्षातील सर्वोत्तम क्रीडा व्यक्तिमत्त्व' या पुरस्कारासाठी प्रेक्षकांनी मते दिली. नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह पहिले आले, सप्तक्रीडापटू डेनिस लुइस दुसऱ्या आणि टॅनी तिसऱ्या. पहिले दोघे मंचावर गेले. टॅनी जाऊ शकल्या नाहीत, कारण मंचाला पायऱ्या होत्या, उतरण नव्हती. त्या जेथे बसल्या होत्या तेथेच त्यांना पुरस्कार दिला गेला. थेट प्रक्षेपण लक्षावधी लोक पाहत होते. तक्रारींचा पाऊस पडला आणि बीबीसीने दिलगिरी व्यक्त केली.

ब्रिटिश अपंग-चळवळीच्या इतिहासात हा प्रसंग पुनःपुन्हा सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. एखाद्या नाटककाराने रचला असता तर कृत्रिम वाटावा इतका तो अर्थपूर्ण आहे. सन्मान करणाऱ्यांच्या मनात अनादर नव्हता. त्यांनी टॅनी यांना विजेत्या म्हणून कल्पिले होते. व्हीलचेअरवरून मंचावर येणारी व्यक्ती म्हणून कल्पिले नव्हते. गौरवाच्या कल्पनेत शरीर होते, सुतारकामाच्या आराखड्यात नव्हते. 'मात' कथेचा सारा दोष या एका दृश्यात साठलेला आहे : ज्या स्त्रीने आपल्या शरीरावर 'मात' केली म्हणून टाळ्या पडत आहेत, तिला मंचाच्या दोन-चार पायऱ्या अडवतात, आणि त्या पायऱ्या तिच्या शरीराचा भाग नाहीत.

अपंगत्वाच्या अभ्यासात या निरीक्षणाला सिद्धान्ताचे रूप मिळालेले होते. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील काही अपंग कार्यकर्त्यांनी मांडणी केली, की शरीरातील उणीव आणि समाजाने लादलेली अक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाय न चालणे ही पहिली. इमारतीत शिरता न येणे ही दुसरी. समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८० च्या दशकात या विचाराला 'अपंगत्वाचे सामाजिक प्रारूप' असे नाव दिले. वेदना, थकवा, शरीराच्या खऱ्या मर्यादा यांचा विचार या प्रारूपात पुरेसा होत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नाही. तरी त्याने प्रश्न विचारण्याची दिशा बदलली. 'तुला काय झाले आहे?' याऐवजी 'येथे काय बांधले आहे?' असे विचारता येऊ लागले. रस्त्यांवर, बसगाड्यांसमोर झालेल्या आंदोलनांनंतर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अपंगांविरुद्धच्या भेदभावास प्रतिबंध करणारा कायदा झाला. योगायोग असा, की भारतातील अपंगांविषयीचा पहिला व्यापक कायदाही त्याच वर्षीचा.

टॅनी या चळवळीच्या रस्त्यावरच्या कार्यकर्त्या नव्हत्या. त्यांची वाट समित्या, क्रीडा परिषदा आणि सल्लागार मंडळे यांमधून गेली. खेळत असतानाच त्या अशा अनेक मंडळांवर काम करीत होत्या. २००२ मध्ये त्यांना मुलगी झाली. गरोदरपणी दवाखान्यात आपल्यापुढे सर्वप्रथम ठेवलेला पर्याय गर्भपाताचा होता, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. नऊ सुवर्णपदके जिंकलेल्या, विवाहित, सुशिक्षित स्त्रीला हे ऐकावे लागले. आपल्यासारख्यांचे जगणे पुढे चालू राहावे की नाही हाच प्रश्न काहींच्या मनात आधी येतो, हे त्यांनी तेथे अनुभवले. त्यांच्या पुढील राजकीय भूमिकांचे एक मूळ येथे आहे असे आम्ही समजतो.

५

मार्च २०१० मध्ये टॅनी ग्रे-थॉम्प्सन यांची हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये नियुक्ती झाली. कोणत्याही पक्षाच्या बाकांवर न बसता त्या 'क्रॉसबेंच' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपक्ष सदस्यांत बसल्या. ही निवडणूक नव्हती. स्वतंत्र आयोगाच्या शिफारशीने मिळालेले आजीव सदस्यत्व होते. लोकशाहीच्या दृष्टीने या सभागृहावर जे आक्षेप आहेत ते त्यांच्या सदस्यत्वालाही लागू होतात आणि ते लपविण्याचे कारण नाही.

परंतु इतिहासाने एक बाजू आणखी दाखविली आहे. घोडेस्वारीच्या अपघातात जायबंदी झालेल्या आणि आरंभीच्या पॅरालिम्पिकमध्ये पदके मिळवलेल्या सुसान कन्लिफ-लिस्टर या १९७० मध्येच लेडी मॅशम म्हणून याच सभागृहात आल्या होत्या आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत सदस्य होत्या. अपंग-हक्क चळवळीतून आलेल्या जेन कॅम्बेल २००७ मध्ये आल्या. निवडून यावयाच्या कनिष्ठ सभागृहात मात्र व्हीलचेअर वापरणाऱ्या सदस्याची आठवण करावयाची तर १९९७ मध्ये स्कॉटलंडमधून निवडून आलेल्या अ‍ॅन बेग यांच्यासारखी मोजकीच नावे सापडतात. कॅनडातही हेच दिसते. चौदा पॅरालिम्पिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या व्हीलचेअर धावपटू शाँताल पेतिक्लेर, ज्या टॅनी यांच्याच वयाच्या, २०१६ मध्ये सिनेटवर आल्या त्या नियुक्तीनेच. दारोदार फिरून मते मागण्याच्या राजकारणात प्रत्येक दाराला पायरी असते, हे या विषमतेचे निदान एक कारण असावे. आपल्याकडे भालाफेकपटू देवेंद्र झाझडिया २०२४ मध्ये चुरू येथून लोकसभेला उभे राहिले आणि पराभूत झाले. सचिन तेंडुलकर २०१२ मध्ये आणि पी. टी. उषा २०२२ मध्ये राज्यसभेवर गेल्या त्या राष्ट्रपतिनियुक्त म्हणून. राज्यघटनेच्या ऐंशीव्या अनुच्छेदात साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा हे शब्द आहेत, 'क्रीडा' नाही. तरी खेळाडूंना स्थान मिळते ते कीर्तीमुळे. मग प्रश्न उरतो, की कीर्तीने मिळालेल्या आसनावर बसून करावयाचे काय? शोभा वाढवावयाची की काम करावयाचे?

६

टॅनी यांच्यापुढे हा प्रश्न वर्षभरातच उभा राहिला. २०११-१२ मध्ये ब्रिटनच्या आघाडी सरकारने कल्याणकारी योजनांच्या फेररचनेचे विधेयक आणले. अपंगांना मिळणारा जुना निर्वाह भत्ता रद्द करून नव्या मूल्यमापनावर आधारित भत्ता देणे हा त्याचा एक भाग. सरकारचे म्हणणे असे, की जुन्या भत्त्याचा खर्च वाढत चालला आहे आणि तो ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे वळवावयास हवा. टॅनी यांनी लॉर्ड्समध्ये कलमामागून कलमावर दुरुस्त्या मांडल्या, भाषणे केली, नव्या मूल्यमापनाची आधी चाचणी घ्यावी असा आग्रह धरला. काही ठिकाणी सरकारने माघार घेतली, अनेक ठिकाणी घेतली नाही. कायदा २०१२ मध्ये झाला.

त्यापाठोपाठ आलेल्या नियमांतील एका आकड्याकडे साहित्याच्या वाचकांनी अवश्य पाहावे. हालचालीसाठीच्या वरच्या दराच्या भत्त्याचा निकष पूर्वी साधारणतः पन्नास मीटर चालता येण्याचा होता; नव्या नियमांत तो वीस मीटरवर आला. आधाराने का होईना, वीस मीटरहून थोडे अधिक अंतर नीट चालू शकणाऱ्यास या निकषावर वरचा दर मिळेनासा झाला. ज्यांना त्यामुळे सरकारी योजनेतील मोटार परत करावी लागली, त्यांचे घराबाहेर पडणे, नोकरीवर जाणे संपले. टॅनी यांचे सारे क्रीडाजीवन मीटरमध्ये मोजलेले : शंभर, दोनशे, चारशे, आठशे. त्यांच्या संसदीय जीवनातील कसोटीचे अंतर ठरले वीस मीटर.

आणि हे सारे घडत होते लंडन पॅरालिम्पिकच्या वर्षी. २०१२ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश दूरचित्रवाणीने अपंग खेळाडूंचा परिचय 'अतिमानव' म्हणून करून दिला. मैदाने भरून वाहिली. त्याच वेळी अपंग नागरिकांची काम करण्याची क्षमता तपासण्याचे सरकारी कंत्राट असलेली अ‍ॅटॉस ही कंपनी या स्पर्धेची पुरस्कर्ती होती आणि तिच्या कार्यालयाबाहेर अपंग आंदोलक निदर्शने करीत होते. अर्थमंत्री पदके देण्यास आले तेव्हा मैदानातून हेटाळणीचे आवाज उठले. 'अतिमानव' या शब्दाची ही दुसरी बाजू. अतिमानवाला भत्त्याची गरज कशाला? आणि जो अतिमानव नाही, तो आळशी किंवा ढोंगीच असला पाहिजे. स्तुती आणि संशय ही एकाच नाण्याची दोन अंगे झाली.

अशा वेळी स्वतः 'अतिमानवां'त गणल्या गेलेल्या व्यक्तीने साच्याविरुद्ध बोलणे याला वजन होते. स्पर्धेमुळे अपंगांविषयीची दृष्टी आपोआप बदलेल हा भाबडा आशावाद त्यांनी स्वीकारला नाही. पदकविजेत्याकडे पाहून शेजारच्या अपंग माणसाचे मोजमाप करू नका, हा त्यांच्या सांगण्याचा रोख राहिला. 'मात' कथेच्या नायिकेनेच ती कथा नाकारली होती.

खेळाच्या जगालाही त्यांनी मोकळे सोडले नाही. सरकारच्या विनंतीवरून खेळाडूंच्या देखभालीविषयी त्यांनी केलेली चौकशी एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पदकांच्या हव्यासात खेळाडूंचे मानसिक स्वास्थ्य, सुरक्षितता, निवृत्तीनंतरचे आयुष्य यांकडे होणारे दुर्लक्ष त्यात मांडले होते आणि क्रीडाक्षेत्रासाठी स्वतंत्र लोकपाल नेमावा अशी शिफारस होती. ज्या व्यवस्थेने आपल्याला मोठे केले तिचा हिशेब मागणे सोपे नसते.

त्यांची सर्वांत वादग्रस्त भूमिका मृत्यूविषयीची आहे. असाध्य आजाराच्या रुग्णाला जीवन संपवण्यास वैद्यकीय साहाय्य मिळावे यासाठी ब्रिटनमध्ये वेळोवेळी विधेयके आली. २०१४ मध्ये लॉर्ड्समधील विधेयकास त्यांनी विरोध केला. जून २०२५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत केलेल्या विधेयकासही केला. अनेक विचारी माणसे, त्यांत काही अपंगही, या प्रश्नावर उलट बाजूला आहेत आणि वेदनेतून सुटण्याचा अधिकार ही काही क्षुल्लक मागणी नव्हे. टॅनी यांचा मुद्दा असा, की ज्या समाजात अपंग जीवन मुळातच कमी मोलाचे मानले जाते, तेथे 'निवड' हा शब्द सर्वांसाठी सारखा मोकळा नसतो. ओझे झाल्याची भावना हाच दबाव ठरू शकतो. तो कोणास पटो वा न पटो, २००२ सालचा दवाखान्यातील अनुभव ध्यानात घेतला तर त्याची मुळे कळतात.

७

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकला जाण्यासाठी त्या रेल्वेने लंडनला आल्या. किंग्ज क्रॉस स्थानकात गाडी थांबली, उतारू निघून गेले, आणि उतरण लावून देणारे कोणी आले नाही. वाट पाहून अखेर त्यांनी आपले सामान फलाटावर टाकले आणि स्वतःला जमिनीवरून सरपटत गाडीबाहेर काढले. रेल्वे कंपनीने माफी मागितली. ब्रिटनमधील सर्व रेल्वेगाड्या १ जानेवारी २०२० पर्यंत अपंगांना वापरता येण्याजोग्या व्हाव्यात अशी कायदेशीर मुदत होती. मुदत उलटून चार वर्षे झाली होती. अकरा सुवर्णपदके, संसदेतील आसन आणि 'बॅरोनेस' ही पदवी असलेली स्त्री फलाटावर सरपटत होती. पदवीने उतरण बांधली जात नाही.

२००० चा मंच आणि २०२४ चा फलाट ही दोन दृश्ये शेजारी ठेवली, की या आयुष्याचे वाचन पुरे होते. चोवीस वर्षांत कायदे झाले, भाषा सुधारली, सन्मान वाढले. पायरी मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. यावरून प्रयत्न व्यर्थ गेले असे आम्ही म्हणणार नाही. पेनार्थच्या शाळेत आज एखादी मुलगी खटल्याची धमकी न देता प्रवेश घेऊ शकते, हे वॉरनॉक अहवालाचे आणि त्यानंतरच्या कायद्यांचे फळ आहे. मात्र हक्क एकदा मिळाला की संपला असे होत नाही. तो रोज कोणीतरी उतरण आणून लावावी लागते तसा रोज अमलात आणावा लागतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्यास मुदत घालून दिली होती; ती उलटून गेल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला याविषयीचे नियम बंधनकारक स्वरूपात करण्याचा आदेश द्यावा लागला. त्या इमारतींत महाविद्यालयेही येतात. साहित्याचे वर्ग बहुधा वरच्या मजल्यांवर भरतात. 'अपंगत्वावर मात' हा निबंधाचा विषय आपण तेथे फळ्यावर लिहितो, आणि ज्या विद्यार्थ्याने तो स्वतःच्या अनुभवातून लिहावा तो खाली जिन्यापाशी थांबलेला असू शकतो.

'मात' हा शब्द टाकून द्यावा असे नाही. तो भाषेत राहील. फक्त यापुढे तो लिहिताना प्रतिस्पर्ध्याचे नाव नीट लिहिले पाहिजे. टॅनी ग्रे-थॉम्प्सन यांच्या चरित्रात ते नाव कधी शाळेचा प्रवेशनियम आहे, कधी मंचाची पायरी, कधी वीस मीटर हा आकडा, तर कधी फलाट आणि डबा यांमधील वीतभर पोकळी. त्यांचे स्वतःचे शरीर त्या यादीत नाही. त्या शरीराने आपले काम चोख केले होते. चारशे मीटर, एका मिनिटाच्या आत.